बीपीची गोळी सुटते कुठे?

निपाणीपासून खानापूरपर्यंत कुठल्याही गावात जा, साठी उलटलेल्या माणसांच्या घरात बीपीच्या गोळ्यांची पट्टी शोधावी लागत नाही. देव्हाऱ्याच्या कोनाड्यात असते, टीव्हीच्या मागे असते, नाहीतर आजीच्या पानाच्या चंचीत. ती हातात घेऊन पाहिली की कळतं, चार गोळ्या गेल्यात, सहा तशाच आहेत आणि चिठ्ठीवरची तारीख दोन महिन्यांपूर्वीची आहे. आपल्याकडे दवाखाना नाही असं म्हणायला जागा नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत, तालुक्याला सरकारी दवाखाना आहे, बेळगावात मोठी इस्पितळं आहेत, पलीकडे कोल्हापूर-मिरज आहे. घोडं अडतं ते या शिल्लक राहिलेल्या सहा गोळ्यांपाशी.

त्या शिल्लक राहतात कारण बीपी जाणवत नाही. मान आखडली, डोकं जड झालं, घेरी आली की ‘बीपी चढलंय’ म्हणून गोळी घ्यायची आणि बरं वाटलं की ठेवून द्यायची, ही आपली जुनी चाल. मान बहुतेक वेळा मणक्यामुळे दुखते, बीपीमुळे नाही. उलट १७० बीपी असलेला माणूस दिवसभर भांगलण करून येतो आणि त्याला काहीही झालेलं नसतं. त्यात ॲम्लोडिपिन ही आपल्याकडे सर्रास दिली जाणारी गोळी या गैरसमजाला खतपाणीच घालते. रक्तातलं तिचं प्रमाण निम्म्यावर यायला ३० ते ५० तास लागतात. आज चुकली तर उद्या आकडा फारसा हलत नाही, आणि ‘दोन दिवस घेतली नाही, काय झालं?’ असं म्हणायला पुरावा मिळतो. बीपी पुढच्या काही दिवसांत हळूहळू वर जातं, तेव्हा कोणी मोजत नसतं. सुरुवातीलाही हेच उलट्या दिशेने घडतं. ॲम्लोडिपिनचा पूर्ण गुण यायला आठवडाभर जातो, टेल्मिसार्टन या बीपीच्याच दुसऱ्या गोळीला चारेक आठवडे. तिसऱ्या दिवशी ‘आकडा तेवढाच आहे’ म्हणून डॉक्टर बदलणाऱ्यांनी गोळीला वेळच दिलेला नसतो.

‘एकदा चालू केली की जन्माची लागते’ हे बहुतेकांच्या बाबतीत खरं आहे, पण गोळीची सवय लागते म्हणून नव्हे. वयाबरोबर कडक झालेल्या रक्तवाहिन्या पुन्हा मऊ होत नाहीत, म्हणून. याच कडकपणामुळे म्हाताऱ्या माणसात वरचा आकडा चढतो आणि खालचा उतरतो. १७०/७० असा आकडा आला की घरचे म्हणतात, खालचा चांगला आहे की. चांगला नाही. दोन आकड्यांमधलं ते मोठं अंतर हेच धमन्या ताठ झाल्याचं लक्षण आहे, आणि साठीनंतर लकव्याचा धोका मुख्यतः वरच्या आकड्यावरून ठरतो.

वरचा आकडा ‘वय अधिक शंभर’ असला तरी चालतो, हा हिशोब तर पार टाकून द्यायला हवा. ८० वर्षांवरच्या ३,८४५ लोकांवर झालेल्या ‘हायव्हेट’ अभ्यासाचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. वरचा आकडा १५०च्या खाली आणण्याचं उद्दिष्ट ठेवून गोळ्या दिल्या, तर मृत्यूंचं प्रमाण सुमारे एकपंचमांशाने घटलं आणि हृदय निकामी होण्याचं प्रमाण निम्म्याहून अधिक खाली आलं. ऐंशीच्या आतल्या, हिंडत्या-फिरत्या माणसाला १४०/९०च्या खाली राहायला हवं. ऐंशीपुढे, किंवा माणूस फारच थकलेला असेल तर, १५०पर्यंत चालवून घ्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतात. खुशाल १८० चालू द्या, असं कुठलंच वय सांगत नाही.

आता मोजण्याबद्दल. पुण्या-मुंबईचा मुलगा दिवाळीला मशीन घेऊन येतो, पहिले दोन दिवस घरातले सगळे मोजून घेतात, शेजारचे येऊन मोजून जातात, मग मशीन कपाटात. आणि त्या दोन दिवसांत मोजलेलंही बहुधा चुकीचं असतं. मनगटावरचं मशीन घेऊ नका, दंडावरचं घ्या. दुकानातून आणायच्या आधी दंडाचा घेर टेपने मोजा. मशीनबरोबर येणारा मधल्या मापाचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटीमीटरच्या दंडाला बसतो. त्याहून जाड दंडाला तोच लावला तर आकडा खोटा जास्त येतो, मोठा पट्टा वेगळा मागवावा लागतो. अगदी हडकुळ्या दंडावर उलट होतं, आकडा कमी दाखवतो.

पट्टा उघड्या दंडावर बांधायचा, कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर, नळी हाताच्या आतल्या बाजूला येईल असा. बायकांच्या बाबतीत हमखास होणारी चूक म्हणजे ब्लाउजची घट्ट बाही वर गुंडाळणं. ती गुंडाळी दंडाला दोरीसारखी आवळते. त्यापेक्षा सैल झग्यात मोजा, किंवा तो हात बाहीतून काढा. माणूस खुर्चीवर हवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीला पूर्ण टेकलेले, मांडीवर मांडी नाही, आणि हात टेबलावर छातीच्या उंचीला. हात छातीपेक्षा १० सेंटीमीटर खाली लोंबत असेल तर त्या एका कारणाने आकडा ७-८ने वाढतो. लघवी करून यायचं, पाच मिनिटं गप्प बसायचं, आधीच्या अर्ध्या तासात चहा, तंबाखू, मशेरी नाही. मोजताना बोलायचं नाही, आणि हेच आपल्याकडे सगळ्यात अवघड. पट्टा फुगत असतानाच आजींना सुनेला काहीतरी सांगायचं असतं.

एका मोजणीवर काही ठरवू नका. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजा. डॉक्टरांकडे जायच्या आधी सात दिवस सकाळी गोळी आणि नाश्त्याच्या आधी दोनदा, संध्याकाळी दोनदा, असं वहीत लिहा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर बीपी वाढलेलं आहे. दवाखान्यातली रेघ १४०/९० आहे आणि घरातली थोडी खाली, कारण दवाखान्यात धास्तीने पुष्कळांचं बीपी चढतं. आयुष्यात पहिल्यांदा मोजताना दोन्ही हात मोजा, ज्याचा आकडा जास्त तोच हात पुढे कायम धरा. मशीन दर वेळी २०-३०च्या फरकाने वेगळा आकडा देत असेल तर आधी बॅटरी बदला. तरीही तसंच होत असेल तर नाडीवर बोटं ठेवा. ठोके अनियमित लागले तर ईसीजी काढून घ्या. हृदयाचा तो एक वेगळा विकार असू शकतो, त्याने लकव्याचा धोका वाढतो आणि मशीनचे आकडेही फसवे येतात.

आणखी एक मोजणी जवळजवळ कोणीच करत नाही: उभं राहून. बसलेल्या स्थितीत मोजा, मग उभं करा, एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजा. वरचा आकडा २०ने किंवा खालचा १०ने पडला तर रात्री उठून परसात जाताना पडण्याचा धोका आहे. खुब्याचं हाड मोडलेलं म्हातारं माणूस सावरणं किती जड जातं हे गावोगावी माहीत आहे. अशा वेळी बीपीच्या गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. आधी यादी पाहायची. प्रोस्टेटसाठी दिलेली टॅम्सुलोसिन, प्राझोसिन, झोपेची गोळी, पाण्याची गोळी (लघवी वाढवणारी) यांपैकी काही चालू आहे का? त्यातली एखादी बदलली किंवा तिची वेळ हलवली तरी पुष्कळदा भागतं.

सरकारी केंद्रात मिळणाऱ्या गोळ्या स्वस्तातल्या म्हणून कमी प्रतीच्या, ही समजूत अजून गेलेली नाही. केंद्र सरकार, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी २०१७ मध्ये सुरू केलेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाचा सगळा भरच मुळी मोजक्या, साध्या गोळ्या ठरलेल्या पायऱ्यांनी देण्यावर आहे. आधी ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम, मग जोडीला टेल्मिसार्टन ४०, मग दोन्हींची मात्रा वाढवायची, मग क्लोरथॅलिडोन ही पाण्याची गोळी, १२.५. क्रम राज्यागणिक थोडा इकडेतिकडे होतो, पण खासगी डॉक्टरही याच डब्यातून देतात, वर नाव तेवढं वेगळं. एका गोळीने भागलं नाही म्हणजे दुखणं बळावलं असंही नाही. वरचा आकडा १६०च्या पुढे असलेल्यांपैकी बहुतेकांना दोन औषधं लागतातच.

त्रास झाला की मात्र गोळी सुटते, आणि तो त्रास कशाचा हे कोणी सांगितलेलं नसतं. ॲम्लोडिपिनने संध्याकाळी घोटे सुजतात, विशेषतः १० मिलिग्रॅमवर आणि बायकांमध्ये. लगेच ‘किडनी गेली’ अशी आवई उठते. ती सूज सहसा किडनीची नसते. पायातल्या बारीक रक्तवाहिन्या सैलावतात आणि पाणी बाहेर झिरपतं. या सुजेवर पाण्याची गोळी फारशी चालत नाही. मात्रा कमी केली किंवा जोडीला टेल्मिसार्टन दिलं की ती उतरते. दम लागत असेल किंवा तोंडही सुजत असेल तर मात्र तपासणी टाळू नका. एनालाप्रिल, रामिप्रिल या बीपीच्याच गोळ्यांनी कोरडा खोकला लागतो आणि खोकल्याची औषधं पिऊन तो जात नाही, गोळी बदलावी लागते. टेल्मिसार्टन चालू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारं) आणि पोटॅशियम तपासून घ्यायला हवं. क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड यांनी म्हाताऱ्या माणसाच्या रक्तातलं सोडियम उतरू शकतं. माणूस सुस्त होतो, असंबद्ध बोलतो, पाय लटपटतात आणि घरचे म्हणतात, वय झालं. रक्ताच्या एका तपासणीत ते कळतं. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, क्लोनिडिन या गोळ्या एकदम बंद करू नका. बीपी आणि ठोके उसळी मारतात.

आपल्याकडे, कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवर, आणखी एक गुंता आहे. संकेश्वरच्या डॉक्टरांची एक चिठ्ठी, मुलीकडे गडहिंग्लजला गेल्यावर तिथली दुसरी, आणि सरकारी दवाखान्याचं कार्ड कन्नडमध्ये, जे घरातल्या शाळेत जाणाऱ्या नातवाशिवाय कोणाला वाचता येत नाही. दोन्हीकडच्या पट्ट्यांवर कंपनीची नावं वेगळी, म्हणून दोन्ही औषधं वेगळी समजून दोन्ही घेतली जातात आणि आत असतं एकच टेल्मिसार्टन. पट्टीवर कंपनीच्या नावाजवळ मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम छापलेले असतात, ओळख तीच. नावापुढे ‘एएम’ असेल तर बहुधा आत ॲम्लोडिपिनही असतं, ‘एच’ असेल तर पाण्याची गोळी. एका जाड कागदावर मूळ नाव, मिलिग्रॅम, वेळ आणि चालू केल्याची तारीख इंग्रजी अक्षरांत लिहून ठेवा. ती अक्षरं बेळगावचा डॉक्टरही वाचतो आणि कोल्हापूरचाही. खाली आपल्यासाठी मराठीत ‘सकाळची पांढरी’ वगैरे लिहा, पण रंगावर भरवसा नको, कंपनी बदलली की रंग बदलतो. सीमाभागातल्या ८६५ गावांना महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना देऊ केली, त्यावर दोन्हीकडे राजकारणही झालं. पण ती योजना दवाखान्यात भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. रोजची गोळी तिच्यातून मिळत नाही. त्यासाठी जवळचं आरोग्य केंद्र, नाहीतर जनऔषधी दुकान. पट्टीत पाच गोळ्या उरल्या की पुढची आणायची. ‘संपल्यावर बघू’ म्हटलं की मधे बाजाराचा दिवस, पाऊस, ऊसतोड यांत आठवडा जातो.

गोळी नेमाने घेऊनही आकडा उतरत नसेल तर घरातल्या दुसऱ्या पट्टीकडे बघा, गुडघेदुखीच्या. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन ही औषधं शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी चढवतात आणि टेल्मिसार्टन व पाण्याच्या गोळीच्या जोडीला किडनीवर घाव घालतात. मेडिकलमधून ‘गुडघ्याची एक द्या’ म्हणून मिळणारी गोळी बहुधा यांतलीच असते. दुखण्याला पॅरासिटामॉल आणि वरून लावायचं मलम बरं. सर्दीच्या काही गोळ्यांतलं फिनाइलेफ्रिन, झाडपाल्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या पुड्यांत मिसळलेलं स्टेरॉइड, खोकल्यावर रोज चघळलेलं ज्येष्ठमध, हेही आकडा वर ठेवतात. सर्पगंधेचा मामला वेगळा. तिच्या मुळीने बीपी खरोखर उतरतं. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ते जगापुढे मांडलं आणि पुढे तिच्यातून रेसर्पिन निघालं. पण त्याने मन खचतं, सुस्ती येते, नाक चोंदतं, म्हणून ते मागे पडलं. जत्रेतल्या पुडीत ती किती आहे हे पुडीवाल्यालाही ठाऊक नसतं. गोळी चालू असताना वरून ती घेऊ नका.

निपाणी तंबाखूचं गाव, त्यामुळे मशेरीबद्दल बोलायलाच हवं. पुष्कळ आज्या ‘मी तंबाखू खात नाही’ म्हणतात आणि दिवसातून तीनदा मशेरी लावून तासभर बसतात. भाजला तरी तो तंबाखूच. निकोटिन हिरड्यांतून थेट रक्तात जातं आणि ठोके व बीपी तेवढा वेळ वर राहतात. डॉक्टर ‘तंबाखू?’ विचारतात, उत्तर ‘नाही’ येतं. ‘मशेरी?’ असंच विचारायला हवं.

मीठ. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाचा चमचा. घरात हे मोजायची सोपी युक्ती आहे. नवी पुडी फोडली की तिच्यावर तारीख लिहा. चार मोठ्या माणसांचं घर असेल तर १ किलो मीठ किमान ५० दिवस पुरायला हवं. २५ दिवसांत संपलं तर माणशी रोजचे १० ग्रॅम झाले, आणि त्यात विकतचं फरसाण, भडंग, खारी, टोस्ट धरलेलेच नाहीत. उन्हाळी कामासाठी लोणच्याला, सांडग्यांना लागणारं मीठ वेगळ्या पुडीतून घ्या, म्हणजे हिशोब बिघडत नाही. त्या बरण्यांतलं मीठ वर्षभर पोटात जातं ते निराळंच. पापडखारातही सोडियम असतं. खानापूरकडे पेजेबरोबर लोणचं किंवा सुकी मासळी, अथणीकडे भाकरीबरोबर खर्डा, भरल्या मिरच्या, शेंगदाण्याची चटणी: आमटी अळणी केली तरी ही तोंडी लावणी हिशोब पुरा करतात. सगळं बंद करा म्हटलं तर कोणी ऐकत नाही आणि ऐकूही नये, म्हातारपणी जेवणच तुटलं तर अशक्तपणा येतो. ताटात वरून मीठ नको, भाताला आणि ताकाला मीठ नको, खर्ड्यात मीठ निम्मं करून लिंबू वाढवा. जीभ काही आठवड्यांत रुळते. सैंधव किंवा खडेमीठ वापरून फायदा नाही, सोडियम जवळपास तेवढंच. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम घातलेलं असतं. किडनीचं दुखणं असेल किंवा टेल्मिसार्टन, एनालाप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नका.

एकादशीला गोळी घेतल्याने उपास मोडत नाही, पाणी चालतं तर गोळीही चालते. रमजानमध्ये दिवसातून एकदाची गोळी सहरीला किंवा इफ्तारला घेता येते. सकाळ की रात्र हा वाद मिटलेला आहे. २०२२च्या एका मोठ्या ब्रिटिश चाचणीत दोन्ही वेळांचा परिणाम सारखाच आला, तेव्हा जी वेळ चुकत नाही ती धरा. पाण्याची गोळी मात्र सकाळीच, नाहीतर रात्रभर उठावं लागतं. सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेला किंवा पंढरीला चालत निघताना दिवस मोजून गोळ्या घ्या आणि वर चार जास्त. जुलाब-उलट्या लागल्या, किंवा एप्रिल-मेच्या उन्हात अंगातलं पाणी तुटलं, तर पाण्याची गोळी आणि टेल्मिसार्टन थोडे दिवस थांबवायची का, हे त्याच दिवशी फोन करून विचारा.

एखाद्या दिवशी मशीनवर १९० दिसलं आणि माणसाला काहीच होत नसेल तर धावाधाव नको. बसवा, अर्ध्या तासाने पुन्हा मोजा, चुकलेली आजची गोळी द्या, दोन गोळ्या एकदम नको, आणि एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा. जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडायची जुनी पद्धत आता चुकीची ठरली आहे. बीपी धाडकन पडतं आणि मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो. पण तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोबडी वळली, छातीत दाब आला, एकदम दिसेनासं झालं किंवा धाप लागली तर तिथल्या तिथे रुग्णवाहिकेसाठी १०८ला फोन. पाणी, गोळी, चहा काही पाजू नका, ठसका लागून श्वासनलिकेत जातं. सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यातच न्या, वाटेतल्या छोट्या दवाखान्यात सलाइन लावण्यात तास घालवू नका. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि हे तास घरच्यांनी पडलेलं पाहिल्यापासून नव्हे, माणूस शेवटचा ठणठणीत दिसल्यापासून मोजले जातात. ती वेळ कागदावर लिहा, गोळ्यांच्या यादीबरोबर हातात घ्या आणि दारातच सांगा.